रस्त्याचा खर्च वसूल झाला, तरी टोल सुरूच का राहतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण १,६३० कोटी रुपयांत बांधला गेला, २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला आणि टोलमधून आजवर त्याच्या कितीतरी पट पैसे जमा झाले. गाडी घेताना तुम्ही रस्ता कर भरलात, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर उपकर भरता, मग वर आणखी ३२० रुपये कशासाठी? सगळे रस्ते करांच्या पैशांतून बांधून टोल एकदाचे बंद का करत नाहीत? या सगळ्यात खाजगी कंपनी हवीच कशाला? आणि शेवटी, सामान्य माणसाने करायचं काय?

रस्त्यांच्या निविदांची आर्थिक गणितं मांडणं हा माझा व्यवसाय. कधी सरकारी यंत्रणेसाठी, कधी बोली लावणाऱ्या कंपनीसाठी, कधी कर्ज देणाऱ्या बँकेसाठी हे काम केलं आहे. त्यामुळे एकाच रस्त्याकडे तीन टेबलांवरून बघायची सवय लागली. त्या अनुभवातून सांगतो की तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. रस्त्याचे पैसे शेवटी कोणी द्यायचे, वापरणाऱ्याने की सगळ्या करदात्यांनी? ते पैसे आज, बांधकामाच्या वेळी, कोण उभे करणार? आणि वाहतूक अंदाजापेक्षा कमी किंवा जास्त निघाली तर तोटा किंवा फायदा कोणाचा? टोल की कर, हा फक्त पहिला प्रश्न झाला. खाजगी भागीदारी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाशी संबंधित आहे. आपल्याकडच्या चर्चेत तिन्हींची खिचडी होते आणि भांडण टोलनाक्यावरच्या पोराशी होतं.

आधी दुसरा प्रश्न उरकतो, कारण त्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे. खाजगी कंपनी रस्ता फुकट देत नाही. ती आगाऊ पैसे लावते आणि व्याज-नफ्यासह परत घेते, एक तर तुमच्याकडून टोलमधून किंवा सरकारकडून हप्त्यांनी. शेवटी पैसे येण्याचे खिसे दोनच, वाहनचालकाचा आणि करदात्याचा. तिसरा खिसा नाही. उलट सरकारला कर्ज स्वस्त मिळतं आणि कंपनीला महाग. मग कंपनी आणायची कशाला? एक कारण असं की सरकारच्या कर्ज काढण्यालाही मर्यादा असते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कर्ज साडेतीन लाख कोटींच्या घरात गेल्यावर २०२२ पासून त्याचं बाजारातून नवं कर्ज उचलणं थांबवावं लागलं. दुसरं कारण मला जास्त पटतं. ज्याला तोच रस्ता पुढची पंधरा-वीस वर्षं स्वतःच्या खर्चाने सांभाळायचा आहे, तो बांधताना पाण्याचा विचार करतो. आपल्या पावसात रस्ता गाड्यांपेक्षा पाण्याने मरतो. बाजूची गटारं, साइडपट्टीचा उतार, मोऱ्यांचा आकार यावर देखभालीची जबाबदारी असलेला कंत्राटदार जसा खर्च करतो, तसा दोन-तीन वर्षांच्या हमीवर काम करणारा करत नाही, हे मी अनेक प्रकल्पांच्या आराखड्यांत पाहिलं आहे. पण हा फायदा देखभालीची अट खरोखर पाळून घेतली तरच मिळतो. नाही तर आपण महागडं कर्ज घेतलं, एवढंच उरतं.

आता रस्ता कर आणि उपकराकडे येऊ. तुमची तक्रार इथे बरीचशी खरी आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ ते १३ टक्के एकरकमी कर लागतो. लोक त्याला रोड टॅक्स म्हणतात, पण तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून तो रस्त्यावरच खर्च व्हावा, असं बंधन नाही. इंधनावरच्या उपकराचं वेगळं आहे. वाजपेयी सरकारच्या काळात लिटरमागे एक रुपया उपकर सुरू झाला, २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा आला आणि त्या निधीच्या आधारावर सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर उभे राहिले. तो पैसा रस्त्यासाठी राखलेला होता आणि त्याचं काम डोळ्यांना दिसलं. २०१८ मध्ये त्याचं रूप बदलून तो रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर झाला, म्हणजे वाटेकरी वाढले. पुढे तो लिटरमागे १८ रुपयांपर्यंत चढला आणि मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर २ रुपयांवर आला.

या पाच रुपयांचं गणित एकदा स्वतः करून बघा. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर उपकर पडतो किलोमीटरमागे ३३ पैसे. द्रुतगती मार्गाच्या सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरसाठी साधारण ३१ रुपये. त्याच अंतराचा कारचा टोल ३२० रुपये, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३ रुपये ४० पैसे. समृद्धी महामार्गावर २०२५ च्या एप्रिलपासूनचा कारचा दर किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे. म्हणजे 'उपकर भरतोच की' हे म्हणणं तत्त्वाला धरून असलं तरी रकमेला धरून नाही. सहा पदरी, प्रवेश-नियंत्रित (म्हणजे ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर जाता येणारा), बोगद्यांचा रस्ता त्या ३१ रुपयांत उभा राहत नाही. हे ३१ रुपयेही त्याच रस्त्याला मिळत नाहीत, ते देशभरात वाटले जातात.

मग उपकर वाढवून टोल बंद करावा का? इथे मला एक गोष्ट सतत आठवते. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. पेट्रोलचा मोठा ग्राहक मात्र दुचाकीवाला आहे. चंद्रपूरचा स्कूटरवाला, सावंतवाडीची बाइकवरून शाळेत जाणारी शिक्षिका, यांनी लिटरमागे जास्तीचे पैसे भरायचे आणि त्यातून आपण कारमध्ये बसून लोणावळ्याला जायचं, हे मला न्याय्य वाटत नाही. ज्या रस्त्याचा लाभ ठरावीक लोकांना होतो आणि जो घेणं-न घेणं ऐच्छिक आहे, त्याचे पैसे त्या लोकांनी द्यावेत. टोलच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

मात्र त्यातला 'ऐच्छिक' हा शब्द तपासून घ्यायला हवा. द्रुतगती मार्ग नको असेल तर जुना हायवे आहे, असं सांगितलं जातं. पण जुन्या हायवेवरही टोल आहे, आणि बोरघाटात काही अंतर दोन्ही रस्ते एकच होतात. ज्याला मोफत पर्याय नाही, त्याच्यासाठी टोल हा वेगळ्या नावाचा करच ठरतो.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर, म्हणजे खर्च 'वसूल' होण्यावर. इथे जरा वेळ देऊ, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा, १,००० कोटींचा रस्ता १२ टक्के व्याजाच्या कर्जातून बांधला. पहिल्या वर्षाचं व्याज १२० कोटी. देखभाल आणि वसुलीचा खर्च वजा जाता टोलमधून ९० कोटी हातात आले, तर कर्ज कमी होत नाही, ते १,०३० कोटी होतं. सुरुवातीची काही वर्षं बहुतेक टोल रस्त्यांवर असंच चालतं. म्हणून बांधकामाचा खर्च एका बाजूला आणि जमा टोलची बेरीज दुसऱ्या बाजूला ठेवून 'वसूल झाला' म्हणणं चूक आहे. सरकारी यंत्रणा हे बरोबरच सांगते.

पण तेच गणित उलट बाजूनेही वापरता येतं, आणि आपल्याकडे ते वापरलं गेलं आहे. २००४ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने द्रुतगती मार्ग आणि जुना हायवे या दोन्हींवरचा टोल वसूल करण्याचा हक्क पंधरा वर्षांसाठी आयआरबी कंपनीला दिला आणि बदल्यात ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले. हा व्यवहार कसा बघायचा? आज ९१८ कोटी देणाऱ्याला १२ टक्के परतावा मिळायचा असेल, तर पंधरा वर्षं दरवर्षी देखभाल वगळून सुमारे १३५ कोटी मिळायला हवेत, एकूण साधारण दोन हजार कोटी. त्याहून जास्त जमा झालं तर तो वाहतूक वाढल्याचा फायदा. करारात तो फायदा कोणाचा, हे ठरलेलं होतं: कंपनीचा. कमी पडलं असतं तर तोटाही तिचाच. करारात गृहीत धरलेली वसुली मुदतीच्या बरीच आधी पूर्ण झाल्याचं माहिती अधिकारातून पुढे आलं, तेव्हा लोकांना फसवल्यासारखं वाटलं. कायद्याने पाहिलं तर कंपनीने करार मोडला नव्हता. हक्क ठरावीक रकमेसाठी दिलेला नव्हता, ठरावीक काळासाठी दिलेला होता.

तो करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला. टोल संपला नाही. २०२० मध्ये पुन्हा त्याच कंपनीला २०३० पर्यंतचा हक्क मिळाला, यावेळी ८,२६२ कोटींना, त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीलाच. टोलची अधिसूचना तर २०४५ पर्यंतची आहे. महामंडळाची भूमिका अशी की व्याजासह खर्च अजून वसूल व्हायचा आहे. या 'व्याजासह' शब्दापाशी थांबून विचारायला हवं: कोणत्या दराने, कोणत्या खर्चावर, आणि त्यात नंतरची कोणकोणती कामं धरली? हा प्रश्न का विचारायचा, त्याचं उत्तर दिल्लीत सापडतं. दिल्ली-नोएडा डायरेक्ट फ्लायवेच्या १९९७ च्या करारात कंपनीला प्रकल्पाच्या एकूण खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा ठरवला होता, आणि जो परतावा मिळणार नाही तो खर्चातच मिळवायचा होता. परिणाम असा की सुमारे ४०० कोटींच्या रस्त्याचा 'वसूल न झालेला खर्च' दरवर्षी वाढतच गेला. गाड्या धावत होत्या, टोल जमा होत होता, आणि देणं फुगत होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिथला टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सूत्र असं लिहिलं तर कोणताही रस्ता कधीच वसूल होणार नाही.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे वाहतुकीच्या जोखमीबद्दल, आतली एक गोष्ट सांगतो. निविदेआधी आम्ही सात दिवस, चोवीस तास वाहनगणना करतो, चालकांना थांबवून कुठून कुठे चाललात हे विचारतो, आणि मग त्यावर वाढीचा दर लावतो. हा दर ५ टक्के धरला तर वीस वर्षांनी वाहतूक २.६५ पट होते, ७ टक्के धरला तर ३.८७ पट. दोन टक्क्यांचा फरक, पण शेवटच्या वर्षाचं उत्पन्न जवळजवळ दीडपट. पुढची वीस वर्षं वाढ पाच टक्के राहील की सात, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. निविदा जिंकायची म्हणून बोली लावणारे सात-आठ धरतात, बँका त्यावर कर्ज देतात, आणि गाड्या आल्या नाहीत की प्रकल्प बुडतो. २०१० नंतर देशभरात असे अनेक रस्ते अडकले. तेव्हा खाजगी भागीदारीचा आढावा घेणाऱ्या विजय केळकर समितीने २०१५ च्या अहवालात सांगितलं होतं की जोखीम जो सांभाळू शकतो त्याच्याकडेच द्या, कंत्राटदाराच्या हातात नसलेली वाहतूक सगळीच त्याच्या गळ्यात बांधू नका, आणि वाद सोडवायला स्वतंत्र नियामक नेमा. नियामक अजून झालेला नाही आणि मला याची मनापासून खंत वाटते.

केंद्राने २०१६ मध्ये जे हायब्रिड अॅन्युइटी मॉडेल आणलं, ते या अनुभवातून आलं. बांधकामाच्या काळात ४० टक्के खर्च सरकार देतं, उरलेले ६० टक्के पंधरा वर्षांत हप्त्यांनी. टोल सरकार गोळा करतं, गाड्या कमी आल्या तर झळ सरकारी तिजोरीला. कंत्राटदाराला हे सोपं आहे. पण मग ही 'खाजगी गुंतवणूक' बऱ्याच अंशी सरकारचं पुढे ढकललेलं देणं आहे, हेही मान्य करायला हवं.

टोल बंद केला तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्राने गिरवला आहे. २०१५ मध्ये राज्याने १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, हलकी वाहनं आणि एसटीला सूट दिली. लोक खूश झाले, मलाही काही ठिकाणी ते योग्य वाटलं. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला होता. रोज भाजी आणायला जाणाऱ्या माणसाकडून शहरातल्या शहरात टोल घेणं मुळातच चुकीचं होतं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले, तेव्हा तो रद्द झाला. पण या सगळ्या ठिकाणी कंपन्यांशी झालेले करार जिवंत होते, त्यामुळे भरपाई सरकारने दिली, म्हणजे करदात्याने दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना मिळालेल्या सवलतीचंही तसंच आहे. नाक्यावरचा खर्च अर्थसंकल्पात गेला, इतकंच.

हलकी वाहनं सोडून ट्रकवर टोल ठेवण्याला अभियांत्रिकीचा एक आधार आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. एका अॅक्सलवरचं (चाकं जोडणाऱ्या आसावरचं) वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. भरलेल्या ट्रकपुढे कार रस्त्याला जवळपास काहीच इजा करत नाही. म्हणून देखभालीचा खर्च ट्रककडून घेणं योग्य आहे. पण पदर वाढवावे लागतात ते शनिवार-रविवारी घाटात रांगा लावणाऱ्या कारमुळे, आणि तो खर्च ट्रकच्या भाड्यातून कांदा-बटाट्याच्या भावात घालणं मला पटत नाही. कारला सरसकट माफी देण्याला माझा विरोध आहे, तो एवढ्यासाठी.

करांवरच अवलंबून राहण्यात पुढे आणखी एक अडचण आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या पेट्रोलवरचा उपकर भरत नाहीत. राज्याने २०२५ च्या धोरणात त्यांना द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलही माफ केला. सुरुवातीला प्रोत्साहन म्हणून हे ठीक आहे. पण या गाड्या वाढतील तसा इंधनातून येणारा रस्त्याचा पैसा आटत जाणार, आणि तेव्हा किलोमीटरप्रमाणे पैसे घेण्याशिवाय मार्ग उरणार नाही.

तर माझं मत, जसं आहे तसं. गावातले, जिल्ह्यातले, शहरातले रस्ते आणि ज्यांना पर्यायच नाही असे महामार्ग करांतून व्हावेत. नवा, प्रवेश-नियंत्रित, वेळ वाचवणारा रस्ता टोलवर असावा. पण हक्क वर्षांवर न देता रकमेवर द्यावा. चिलीने १९९८ मध्ये सांतियागो ते वालपराइसो-विन्या देल मार या महामार्गाची निविदा अशी काढली: टोलमधून व्याजासह एकूण किती रक्कम हवी, एवढीच बोली, सगळ्यात कमी मागणाऱ्याला काम, आणि तेवढी रक्कम जमा झाली की हक्क संपला, मग आठ वर्षं लागोत की वीस. व्याजाचा दर आधीच लिहिलेला असतो, त्यामुळे देणं दिल्लीसारखं फुगत नाही. गाड्या वाढल्या तर मुदत लवकर संपते, म्हणजे वाढीचा फायदा वाहनचालकाला मिळतो. गाड्या कमी आल्या तर मुदत लांबते, कंपनी बुडत नाही. कंत्राटदारांना ही पद्धत फारशी आवडत नाही, कारण त्यात घबाड हाती लागत नाही. फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून आपल्याकडे प्रत्येक गाडीची नोंद आहे, त्यामुळे जमा रक्कम लपवण्याचं जुनं कारणही राहिलेलं नाही. रोजची वसुली आणि उरलेली रक्कम नाक्यावरच्या फलकावर दाखवणं आज सहज शक्य आहे.

रस्त्याचा खर्च पूर्ण वसूल झाल्यावरही टोल ठेवायचा असेल आणि त्यातून दुसरे रस्ते बांधायचे असतील, तर तेही करता येईल. पुढची टोलवसुली विकून आज पैसे उभे करायचे, ही पद्धत केंद्राने २०१८ मध्ये नऊ महामार्गांसाठी वापरली आणि तीस वर्षांच्या हक्कांचे ९,६८१ कोटी मिळवले. माझा त्याला आक्षेप नाही. फक्त ते 'या रस्त्याचा खर्च वसूल करतो आहोत' या नावाखाली होऊ नये. विधिमंडळात मांडावं, मंजुरी घ्यावी, पैसा कुठे जाणार ते सांगावं.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की सामान्य माणसाने करायचं काय. 'टोल बंद करा' या मागणीपेक्षा माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: मूळ करार आणि त्याच्या सगळ्या पुरवण्या, वसुली ठरवताना धरलेला व्याजदर आणि वाहतूक वाढीचा दर, वर्षनिहाय प्रत्यक्ष वसुली, आणि देखभालीच्या त्रुटींबद्दल कंत्राटदाराकडून वसूल केलेला दंड. चौथी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. खराब रस्त्यासाठी टोल घेता येणार नाही, हे केरळमधल्या पलियेक्करा टोलनाक्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकलं आहे, त्यामुळे या माहितीला आता वजन आहे. द्रुतगती मार्गाचा सध्याचा हक्क २०३० मध्ये संपतो. पुढची निविदा त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी लिहायला घेतील, आणि हक्क काळावर द्यायचा की रकमेवर, हे त्या मसुद्यातच ठरेल. २००४ आणि २०२० दोन्ही वेळा लोकांचा आवाज सही झाल्यानंतर उठला. यावेळी मसुदा हरकतींसाठी खुला करा, ही मागणी २०२८ मध्येच तुमच्या आमदाराकडे लेखी द्या.